आडनावाचा रकाना

अकरा यंत्रं, अकरा चुली.
प्रत्येकीवर लिनक्स तेच, पण उना वेगळी, गीस्ली वेगळा,
आणि पासवर्ड पिवळ्या चिठ्ठ्यांवर,
पडद्याच्या कडेला खवल्यांसारखे चिकटलेले.
ओड्नीने ठरवलं, एकच वही करायची.
ज्याने त्याने एकदाच नाव सांगावं.
हे जानेवारीत, इसाफ्योर्दुरच्या मत्स्यशाळेत,
जिथे सूर्य नोव्हेंबरातच डोंगराआड गेलाय
आणि लोक त्याच्याबद्दल बोलतात
बोटीवर गेलेल्या मेव्हण्याबद्दल बोलावं तसं:
येईल, पंचवीसच्या सुमारास.

पहाटे दोनला वही उभी राहिली.
पहिलंच नाव घातलं, वहीने अडवलं:
आडनाव दिल्याशिवाय नोंद होणार नाही.

ओड्नी एकटीच हसली, रिकाम्या सर्व्हरच्या खोलीत.
अगं बाई, इथे आडनाव असतं कुणाला?
योनची मुलगी ती योन्सदोत्तिर,
तिचा भाऊ योन्सोन, आई तिसरंच काही,
एका घराच्या दारावर तीन पाट्या.
फोनच्या पुस्तकातसुद्धा माणसं
पहिल्या नावाने रांगेत उभी राहतात.
पण रकाना भरल्याशिवाय सुटका नव्हती.
तिने बाप भरले. एकामागून एक.
बुडालेले बाप, दुसऱ्या बंदरावर नांदणारे बाप.

सकाळी उनाने पाहिलं.
थंड कॉफी हातात, बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, योन काढ.
आईचं घाल.
ओड्नीने विचारलं नाही का.
सोल्वेइगार्दोत्तिर. एंटर.

मग आकड्यांचा घोळ.
यंत्राला नावं कळत नाहीत, आकडे कळतात;
बंदरावर एक हजार तीन म्हणजे गीस्ली,
प्रयोगशाळेत एक हजार तीन म्हणजे उना.
वही जोडल्याबरोबर गीस्लीच्या नातीचे फोटो उनाचे झाले
आणि उनाची कॉडची मोजदाद गीस्लीची.
दोन रात्री ओड्नी मालकी निस्तरत बसली,
लग्नघरात चपलांचे जोड लावावेत तशी.

एक आकडा उरला. एक हजार सतरा.
पुढे नाव नाही.
खाली चारशे फायली, सगळ्या सोमवारच्या:
खाडीचं तापमान, पाच मीटरवर, वीस मीटरवर,
मधेच एक ओळ, "आज हात गारठले, आकडा अंदाजे."
शेवटची नोंद चौदा मार्चची.

आउस्वाल्दुर.
खातं पुसलं होतं तेव्हाच, नियमाप्रमाणे.
फायली कुणी पुसल्या नव्हत्या.

मेलेल्या माणसाला वहीत घ्यायचं कारण नव्हतं.
ओड्नीने गीस्लीला फोन लावला, कुणाचा मुलगा तो?
गीस्ली झोपेत म्हणाला, स्नाइब्यर्नचा. का गं?
काही नाही, एक रकाना भरतेय.
पासवर्ड दिला नाही. लॉगिनला शेल नाही.
दार नसलेलं घर.
पण यादी मागितली तर आता चारशे ओळींवर
आकड्याच्या जागी नाव येतं.

तरी बंदरावरचं यंत्र आत येईना.
तिकीट मागे, नकार येई.
इथला पहारेकरी तीन डोक्यांचा कुत्रा,
घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक
त्याला खपत नाही.
बंदराचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं.
गीस्ली म्हणाला, असणारच,
ते आउस्वाल्दुरने लावलं होतं, मनगटावरचं बघून.
ओड्नी जरा थांबली.
मग काटे जुळवले.

पंचवीस तारखेला ऊन आलं,
डोंगराच्या खाचेतून, बर्फावर, पडद्यावर,
इतकं की अक्षरं दिसेनात.
पॅनकेक आले, कॉफी आली,
उना एकदाच आत शिरली आणि अकराही दारं उघडली.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, थोड्या उन्हासाठी, थोड्या तिच्यासाठी.

गीस्ली मात्र खुर्ची ओढून जवळ आला,
ओठाला साखर, आवाज हळू:
ओड्नी, हा नवा पासवर्ड
लिहून कुठे ठेवू?